डब्यातले बैल

धाकट्या भावाने व्हिडिओ गेमचा डबा बाजारात आणायचं ठरवलं, तेव्हा त्याने मला एकच काम सांगितलं. "ताई, यात काय काय बुडू शकतं ते काढून ठेव. तुला ते बरं जमतं."

ते मला जमतं, हे खरं आहे. नोकरीची सगळी वर्षं मी वाळूजच्या एका कारखान्यात प्लॅनिंगला होते. माल वेळेवर आला नाही तर काय, आला पण खराब निघाला तर काय, चांगला निघाला पण ट्रक वाटेत बसला तर काय, याच विचाराचा मला पगार मिळायचा. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर घरी बसवेना, म्हणून भावाच्या शॉपमध्ये जायला लागले. शॉप म्हणजे चिकलठाणा एमआयडीसीतली पत्र्याची शेड, प्लॅस्टिकचे भाग काढणारी दोन मशिनं आणि मोटारसायकलच्या बॅटरीवर बसणारं काळं कव्हर. वर्षानुवर्षं तेच एक कव्हर, आणि घेणारी तीच एक मोठी कंपनी. महिनाअखेरीला कंपनीचं शेड्यूल यायचं, म्हणजे पुढच्या महिन्यात कोणत्या दिवशी किती माल पाठवायचा त्याचा तक्ता. तो आला की आम्ही कामाला लागायचो. हे कव्हर कोण घेईल, असा प्रश्न आमच्या शेडमध्ये कधी कोणाला पडला नव्हता. पडायचं कारण नव्हतं.

कव्हरचा साचाही आमचा नव्हता. या धंद्यात साचा, म्हणजे मोल्ड, कंपनीचा असतो. मशीन आणि मेहनत आपली. मोल्ड आपल्या शेडमध्ये आहे तोवर काम आपलं. मोल्ड गेला की काम गेलं. चिकलठाण्यात हे कोणाला वेगळं समजवावं लागत नाही.

डब्याची कल्पना भावाच्या मित्राची. दोघं शाळेपासून एकत्र. मित्राचं शहागंजकडे टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासून चालत आलेलं. टीव्ही दुरुस्त करून घेणारी माणसं कमी झाली तसा तो चिपांच्या नादाला लागला आणि त्याने एक छोटा कन्सोल बनवला. टीव्हीला जोडायचा, दोघांनी दोन कंट्रोलर हातात घ्यायचे आणि खेळायचं. परदेशी कन्सोल गारखेड्यातल्या डॉक्टरांच्या घरी असतात. हा रिक्षावाल्याला परवडेल असा. त्याला छापील नाव होतं, पण आम्ही सगळे डबाच म्हणत होतो. आतलं मित्र करणार, बाहेरचं प्लॅस्टिक भाऊ करणार, आणि खरेदी, पॅकिंग, दुकानदार हे मी बघणार असं ठरलं.

गारखेड्यात भावाच्या घरी जेवणाच्या टेबलावर मी माझी यादी काढली. भाऊ, मित्र आणि भावजय समोर.

"चिप बाहेरून येते. बंदरात अडकली तर?"

"हौ आपा, अडकिंगी," मित्र म्हणाला. "सबकी अडकिंगी. अपनी अकेली की थोडी."

"मोठ्या कंपन्यांनी भाव पाडला तर?"

"ते आपल्यासाठी भाव पाडतील?" भाऊ हसला. "ताई, त्यांना आपण आहोत हे तरी माहीत आहे का?"

"चार्जर जळला तर? खेड्यात वीज कशी येते माहीत आहे ना?"

"ताई, तुम्ही माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशीपण हेच विचारलं होतं," भावजय ताटं उचलता उचलता म्हणाली. "वीज गेली तर काय."

"मग? गेली नव्हती का?"

"गेली होती बाई," ती म्हणाली, आणि सगळे हसले. जनरेटर मी आणून ठेवला होता.

"आता शेवटचं. फोन प्रत्येकाच्या हातात आहे. फोनवर गेम फुकट आहेत. मग डबा कोण घेईल?"

याला मित्राकडे उत्तर तयार होतं. "आपा, फोनपे आदमी अकेला खेलता. मान नीचे डालके. टीव्हीपे घरवाले देखते. बैल जीता तो चिल्लाने कू कोई होना की नै?"

बैल हीच आमची खरी ताकद होती. पुण्याच्या एका मुलीने शंकरपटाचा गेम बनवला होता. बैलजोडी पळवायची, दुसऱ्याच्या आधी रेषा ओलांडायची. धूळ उडायची, लोक ओरडायचे, बैल नाकातून फुरफुरायचे. अजून तिने तो कोणालाच दिला नव्हता. मित्राने तिला गाठलं आणि तो गेम फक्त आमच्या डब्यात येईल असं ठरवून आला. मी यादीतल्या 'चांगला गेम मिळाला नाही तर' या ओळीवर रेघ मारली.

भावाला हे सगळं का करायचं होतं, ते त्याने त्याच दिवशी मला जिन्यात सांगितलं. "ताई, आपली कव्हरं देशभर फिरतात. पण ती सीटखाली असतात. बॅटरी काढणाऱ्या मेकॅनिकशिवाय कोणी बघत नाही. एकदा तरी लोकांनी समोर ठेवून बघावं असं काहीतरी काढू दे."

पहिली अडचण सीझनची आली. डबा दिवाळीत विकला जाणार आणि मोटारसायकलीही दिवाळीतच विकल्या जातात. कंपनीने शेड्यूल वाढवून पाठवलं. ते पूर्ण करायचं तर दोन्ही मशिनं तिन्ही पाळ्यांत कव्हरवरच चालवावी लागणार होती. इकडे डब्याचे मोल्ड नवे, रोज काहीतरी दुखणं: कधी बटणाचं भोक अपुरं भरायचं, कधी झाकण वाकडं निघायचं. एक मशीन त्यांच्यासाठी अडकलंच होतं. भाऊ कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याकडे गेला आणि एवढा सीझन आम्हाला मोकळं करा म्हणाला. अधिकारी जुने, निवृत्तीला आलेले, आम्हाला ओळखणारे. त्यांनी कंपनीकडचा दुसरा मोल्ड शेंद्र्याच्या एका कारखानदाराला दिला आणि सीझनचं काम तिकडे वळवलं. आमचा मोल्ड आमच्याकडेच राहिला. भावाने तो पुसून, गंजू नये म्हणून तेल लावून, रॅकच्या खालच्या खणात ठेवला. दिवाळीनंतर पुन्हा मशीनवर चढवायचा होता.

"साहेब काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, करा. पण लवकर या."

त्यानंतर गेम मंजूर करायचा दिवस आला. गेम बनवणारी मुलगी पुण्याहून बसने आली. पाठीवर सॅक, हातात लॅपटॉप. शेडमधल्या ऑफिसात तिने गेम डब्यात भरला आणि भाऊ दोन तास खेळला. मग त्याने कपाटातून पिवळं टॅग काढलं. आमच्याकडे कोणताही नवा भाग आला की पहिला मंजूर नमुना टॅग लावून, सही करून कपाटात बंद करतात. पुढे निघणारा प्रत्येक भाग त्या नमुन्यासारखा असला पाहिजे, केसभरही वेगळा नको. भावाने गेम भरलेल्या डब्याला टॅग लावलं, सही केली आणि तिला म्हणाला, "आता यात बदल नाही."

"सर, पण अपडेट येत राहतात ना," ती म्हणाली. "नवे बैल, नवी गावं..."

"अपडेट म्हणजे रिव्हिजन. ड्रॉइंगची रिव्हिजन आली म्हणजे तो नवा पार्ट. नवा पार्ट म्हणजे नवी मंजुरी. मध्येच कोणी काही बदललं की आम्ही मेलो."

याला कारण होतं. मागे एकदा कच्चा माल पुरवणाऱ्याने न सांगता प्लॅस्टिकचा दाणा बदलला होता. कव्हरं दिसायला तशीच, पण उन्हात तडकली, आणि कंपनीने ट्रकच्या ट्रक परत पाठवले. भाऊ तेव्हा कंपनीच्या गेटवर उभा राहून एकेक पेटी उतरवून घेत होता. त्या दिवसापासून न सांगता होणाऱ्या बदलाइतकी भीती त्याला कशाचीच वाटत नव्हती. म्हणून करारात त्याने स्वतः सांगून एक वाक्य घातलं: मंजूर केलेल्या गेममध्ये कोणताही बदल झाल्यास तो वेगळा माल समजला जाईल. मी ते टाइप केलं. मलाही ते अगदी बरोबर वाटलं. चिकलठाण्यात कोणालाही बरोबरच वाटलं असतं.

मित्र मात्र खुर्चीत चुळबुळ करत होता. "भाई, ये गेम है. बॅटरी कव्हर नै."

"माल तो माल," भाऊ म्हणाला.

मुलगी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मग तिने सही केली. मी तिला मुकुंदवाडीच्या बस थांब्यापर्यंत रिक्षाने सोडलं. वाटेत ती म्हणाली, "मॅडम, सर फार शिस्तीचे आहेत." मला बरं वाटलं.

डब्यात इंटरनेटची चिप नव्हती, तीही भावाच्याच आग्रहाने. मित्राला ती हवी होती. भावाचं म्हणणं असं की जो भाग बसवलाच नाही तो बिघडत नाही. हेसुद्धा आमच्याकडचं जुनं शहाणपण आहे, आणि कव्हरच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं आहे.

डबा दसऱ्याला निघाला. आम्ही तो जिल्ह्यातल्या टीव्हीच्या दुकानांत ठेवला. सगळ्यात जास्त खपला तो लासूर स्टेशन या बाजाराच्या गावी. तिथल्या दुकानदाराने बाजाराच्या दिवशी मोठा टीव्ही दुकानाच्या दारात काढून ठेवला होता. मी आणि भाऊ मुद्दाम बघायला गेलो. कांद्याचे टेम्पो रिकामे करून आलेली माणसं तिथं थांबत होती. एक टोपीवाले म्हातारे आणि एक टेम्पो ड्रायव्हर समोरासमोर बसले होते. दोघांच्या हातात कंट्रोलर.

"मामा, दाबा की. दाबा. बैल हाय का म्हैस?"

"तू गप. माझी जोडी दमानं निघती. शेवटाला बघ."

"शेवट व्हायला आला मामा."

"मग आता बघ," म्हातारे म्हणाले, आणि त्यांनी बटण असं दाबून धरलं की प्लॅस्टिक करकरलं. भाऊ माझ्याशेजारी दचकला. पण बटणाला काही झालं नाही. म्हाताऱ्यांची जोडी खरंच पुढे गेली आणि मागे उभे असलेले वीसेक जण एकदम ओरडले. ड्रायव्हरने कंट्रोलर ठेवला. "आयला, पटातला माणूस हाय ह्यो. आधी सांगायचं ना."

दुकानदार आमच्याकडे येऊन म्हणाला, "ताई, लई चालतंय. अजून पाठवा."

भाऊ परतीच्या वाटेवर गाडी चालवताना एकटाच हसत होता. मी दोनदा विचारलं काय झालं. "काही नाही," म्हणाला. "बटण टिकलं."

दिवाळीनंतर आम्ही डब्याचा दुसरा, मोठा लॉट काढायला घेतला. खरेदी अधिकाऱ्यांचा एकदा फोन आला होता, काम परत कधी घेता म्हणून. भावाने एवढा लॉट संपवतो आणि येतो असं सांगितलं. लासूरला माल संपत होता. थांबायचं कसं?

संक्रांत झाल्यावर एका सकाळी लासूरच्या दुकानदाराचा फोन आला.

"ताई, तुमचे बैल फोनात आले."

"म्हणजे?"

"म्हणजे फोनात. फुकट. माझ्या दुकानातली सगळी पोरं डोकं घालून बसलीत. तुम्ही बघा की."

मी माझ्या फोनवर शोधलं. सापडायला वेळ लागला नाही. तीच धूळ, तेच फुरफुरणं. पण बैल पुष्कळ जास्त होते. शिंगं रंगवता येत होती, झूल निवडता येत होती, जोडीला आपल्या बैलांची नावं ठेवता येत होती. आणि लासूरचा माणूस गंगापूरच्या माणसाशी, तो वैजापूरच्या माणसाशी, आपापल्या घरी बसून शर्यत लावू शकत होता. मी एक शर्यत खेळले आणि हरले. ज्याने हरवलं त्याने लगेच खाली लिहून पाठवलं, "लई हळू बैल तुमचे." कोण होता कोणास ठाऊक. फोनवर माणूस एकटा खेळतो, हे आमचं गृहीतक तिथंच संपलं.

भावाने पुण्याला फोन लावला. ऑफिसात मी आणि मित्र होतो, म्हणून आवाज स्पीकरवर ठेवला. मुलीने लगेच उचलला.

"सर, मी तुम्हाला फोन करणारच होते."

"गेम आपल्याशिवाय कोणाला द्यायचा नाही असं ठरलं होतं."

"तो दिलाच नाही सर. तो अजून तुमच्याकडेच आहे. हा बदललेला आहे." ती जरा थांबली. "तुम्हीच करारात लिहिलं होतं, बदल झाला तर तो वेगळा माल. मी वकिलांनाही दाखवलं, सर. मला फसवायचं नव्हतं. तुम्हाला नवे बैल नको होते, म्हणून मी ते दुसरीकडे घेऊन गेले."

तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. असता तर आम्हाला बरं पडलं असतं, निदान भांडता आलं असतं.

"मग हा नवा आम्हाला दे," भाऊ म्हणाला.

"सर, त्याला नेट लागतं. तुमच्या डब्यात नेट नाहीये."

भावाने मित्राकडे पाहिलं. मित्र खाली बघत होता. त्याच्या जागी मी असते तर 'सांगितलं होतं' असं म्हणाले असते. तो म्हणाला नाही. फोन ठेवल्यावर एवढंच बोलला, "चाय मंगाव यार."

पुढचे दिवस मी धावपळीत काढले. धावपळ हा शब्दही खरा नाही, कारण बहुतेक काम खुर्चीत बसून फोनवर होतं. दुसरे गेम बनवणारे शोधले. एक जण म्हणाला, तुमचे डबे लाखाच्या वर गेले की बोलू. एका बाईंना आमचं कौतुक वाटलं, त्यांनी खूप वेळ बोलून घेतलं आणि शेवटी फोनसाठीच बनवतो म्हणाल्या. हैदराबादच्या एका माणसाने जुन्या परदेशी गेमांचा अख्खा गठ्ठा एका कार्डात भरून देतो म्हणून सांगितलं. मित्राने कार्ड बघितलं आणि म्हणाला, "सब चोरी का है, आपा." भावाने कार्ड परत पाठवलं. डब्यात नेटची चिप बसवता येईल का तेही विचारून झालं. येत होती, पण त्यासाठी आतली सर्किटची पाटी नव्याने करावी लागणार, मग भोकं बदलणार, मग मोल्ड बदलणार, आणि हे सगळं होईपर्यंत फोनवरचे बैल कुठल्या कुठे गेलेले असणार. मी जे जे हाती धरायला जात होते ते पुढच्याच फोनला सुटत होतं. माझ्या यादीत चिप होती, चार्जर होता, भाव होता. त्यातलं काहीच झालं नव्हतं. चिप वेळेवर आली होती. एकही चार्जर जळला नव्हता.

दुकानदार हळूहळू डबे परत पाठवू लागले. कोणी वाईट बोललं नाही. लासूरच्या दुकानदाराने पेट्या स्वतः आणून दिल्या. "ताई, माल चांगला होता हो," तो म्हणाला. "एक पण बिघडून आला नाय." भाऊ तिथंच होता. त्याने मान हलवली आणि पेट्या लावायला आत गेला.

आता राहिलं होतं कंपनीचं काम. शेड त्याच्यावर चालत आली होती आणि आता त्याच्याशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. भावाने शेड्यूलसाठी फोन केला, तर जुने अधिकारी निवृत्त झालेले. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांनी आम्हाला वाळूजला बोलावलं. गेटवरच्या वॉचमनने नेहमीसारखं "जयभीम, ताई" म्हटलं आणि पास करून दिला. आत बाहेरच्यांसाठीची खोली असते तिथं आम्ही बसलो. भावाने पिशवीत आमच्या कव्हराचा एक नग आणला होता. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

साहेब वयाने आमच्यापेक्षा लहान, पण सभ्य माणूस. चहा सांगितला.

"तुमच्या मालाबद्दल माझ्याकडे एकही तक्रार नाही," ते म्हणाले. "पण भाऊसाहेब, सीझनला तुम्ही हात वर केले."

"जुन्या साहेबांना विचारून केलं होतं," मी म्हणाले.

"हो ना. ते आता नाहीत, आणि वर विचारणारे आहेत. मशीन मोडलं असतं तर मी सांगितलं असतं मशीन मोडलं. घरात आजारपण असतं तर तेही चाललं असतं. हे लोक व्हिडिओ गेम करत होते, हे मी वर कसं सांगू?"

भाऊ म्हणाला, "आता नाही करत."

साहेबांनी कपाळ चोळलं. मी अर्धं शेड्यूल मागितलं. ते नाही म्हणाले. मग शेंद्र्याला जास्त होईल तेवढं तरी द्या, असं मी म्हणाले. तेही नाही, वरून सांगितलंय, एका भागाचं काम आता एकाच ठिकाणी. माझ्याकडे अजून दोन मुद्दे होते. पण मी ते मांडायच्या आत त्यांनी सांगितलं, "मोल्ड शेंद्र्याला हलवायचाय. ते लोक गाडी घेऊन येतील. तुम्ही फक्त काढून ठेवा." आवाज असा होता की मी उरलेले मुद्दे पर्समध्येच ठेवले. नोकरीत मी स्वतः या आवाजात किती जणांशी बोलले असेन, मला मोजता येणार नाही.

शेंद्र्याचा कारखानदार टेम्पोबरोबर स्वतः आला. चांगला माणूस आहे, भावाला आधीपासून ओळखतो. शेडमध्ये येताना त्याने चपला बाहेर काढल्या, जशा कोणी मयताच्या घरी काढतं. मग लक्षात आल्यावर परत घातल्या, कारण खाली लोखंडाचा कीस होता.

भावाने मोल्ड रॅकमधून काढून साफ करून ठेवला होता. त्याने तो उघडून दाखवला.

"ही कोपऱ्यातली पिन आहे ना, ती थंडीत अडकते. सकाळी पहिले पाच-सहा नग टाकून द्यायचे. घाई करायची नाही."

"आमच्याकडचा दुसरा मोल्ड असं नाही करत."

"तो नवा आहे. हा जुना आहे. याला गरम व्हायला वेळ लागतो. आणि पाणी फार थंड नको, नाहीतर कडेला रेघ येते."

तो माणूस ऐकत होता, मध्ये मध्ये मान हलवत होता. मित्रही त्या दिवशी आला होता, शेडमध्ये कोणी कामाला कमी पडायला नको म्हणून. तिघांनी मिळून चेन पुलीला मोल्ड अडकवला. साखळी मित्र ओढत होता. मोल्ड जमिनीवरून उचलला गेला तेव्हा भाऊ त्याला दोन्ही हातांनी धरून होता, तो झुलू नये म्हणून. टेम्पोत लाकडी फळ्या अंथरल्या होत्या. त्यांच्यावर मोल्ड बसला तसा टेम्पो मागून खाली दबला. ड्रायव्हरने दोर बांधला. भावाने दोर ओढून बघितला आणि पुन्हा बांधायला सांगितलं.

मी मोल्डचं चलान लिहून दिलं, पोच घेतली. दुसरं काही करायला नव्हतं.

जाताना तो कारखानदार माझ्यापाशी थांबला. भावाला सांगायला त्याला अवघड वाटत असावं. "ताई, रविवारी आमच्याकडे सुट्टी असते. शेड्यूल वाढलं की पुरत नाही. तर रविवारच्या रविवारी तुमच्याकडे माल काढून देता येईल का? मोल्ड मी शनिवारी पाठवेन. दाणा आमचा. कंपनीला मात्र हे सांगायचं नाही."

मी भावाकडे पाहिलं. तो ऐकत होता. मी दाणा कधी येणार, टेम्पो कोणाचा, खराब निघालेला माल कोणाच्या नावावर, हे सगळं विचारून घेतलं. तो माणूस प्रत्येक प्रश्नाला थांबून उत्तर देत होता.

"काय करायचं?" मी भावाला विचारलं.

"पाठवा म्हणा," भाऊ म्हणाला, आणि मशीन पुसायला गेला.

आता दर शनिवारी संध्याकाळी टेम्पो येतो. भाऊ मोल्ड उतरवून घेतो, चढवतो, पहिले नग टाकून देतो. रविवारभर मशीन चालतं. मी कव्हरं मोजून पेट्यांत भरते. पेट्याही ते लोकच पाठवतात, त्यांच्यावर शेंद्र्याचं नाव छापलेलं असतं. सोमवारी सकाळी मोल्ड जातो. त्याला तेल लावायची आता गरज नसते, कारण तो कुठेच मुक्कामाला थांबत नाही. भाऊ तरी लावतो.